गिफ्रे एल पिलोसचे वडील कोण? वंशावळीतील एकेका दुव्याची तपासणी

आपला प्रश्न मी समजलो तो असा. बार्सिलोनाच्या काउंट (म्हणजे प्रांत सांभाळणाऱ्या सरदार) घराण्याचा मूळ पुरुष मानला जाणारा गिफ्रे एल पिलोस, म्हणजे ‘केसाळ गिफ्रे’, याची वंशावळ आपण जुळवत आहात. एका वंशवृक्षात त्याचे वडील म्हणून ‘आर्रियाचा गिफ्रे’ हे नाव आहे, दुसऱ्यात उर्जेल आणि सेरदान्याचा काउंट सुनिफ्रेद आहे, आणि तिसऱ्याने दोघांचेही मन राखण्यासाठी एकाला वडील व दुसऱ्याला आजोबा करून टाकले आहे. त्याच्या वरच्या पिढीत कुठे कार्कासोनचा बेल्लो दिसतो, तर कुठे ओसोनाचा बोरेल. गिफ्रेची पत्नी फ्लँडर्सच्या काउंटाची मुलगी होती हे लिहावे की नाही, आणि गिफ्रेपासून खाली पुरुषवंश कुठपर्यंत विश्वासाने नेता येतो, हेही आपण विचारले आहे. यांपैकी कोणता वंशवृक्ष खरा मानावा, असा आपला एकूण सूर आहे.

माझ्या मते अडचण या शेवटच्या वाक्यातच आहे. कोणताही वंशवृक्ष संपूर्ण खरा किंवा संपूर्ण खोटा नसतो. तो दुव्यादुव्यांनी बनलेला असतो आणि प्रत्येक दुव्याचा पुरावा वेगळा असतो. म्हणून आधी थोडक्यात उत्तर देतो आणि मग कारणे सांगतो. गिफ्रेचे वडील सुनिफ्रेद आणि आई एर्मेसिंदा, हा दुवा पक्का धरावा. आर्रियाचा गिफ्रे वंशवृक्षातून काढावा, मात्र टिपणात अवश्य ठेवावा. आजोबांच्या जागी दोन नावे तुटक रेषेने द्यावीत. पत्नीचे नाव गिनिदिल्दा हे निश्चित आहे, फ्लँडर्सचे माहेर मात्र लिहू नये. तुटक रेषा कितपत सढळ हाताने वापरायच्या हे अर्थातच आपला हेतू काय यावर अवलंबून आहे. घरच्या संग्रहासाठी वंशवृक्ष करणाऱ्याने एखादी शक्यता चित्रात दाखवली तर बिघडत नाही. पण त्याच्या आधाराने दुसरा कोणी पुढचे काम करणार असेल, तर शक्यता आणि सिद्ध गोष्ट एकाच शाईने लिहिणे हा अपराध ठरतो.

प्रथम माणूस कोण होता ते पाहू. गिफ्रेला ८७० मध्ये फ्रँक राजा चार्ल्सने उर्जेल आणि सेरदान्या या पिरिनीज डोंगरातल्या काउंटी सोपवल्या. हा चार्ल्स इतिहासात ‘टकला’ म्हणून ओळखला जातो. टकल्या राजाने केसाळ काउंट नेमला, एवढे लक्षात ठेवले तर हे साल विसरत नाही. पुढे ८७८ मध्ये त्रुआ येथील सभेत चार्ल्सचा मुलगा, तोतरा लुई, याने बंडखोर बर्नार्ड ऑफ गोथियाला दूर करून बार्सिलोना आणि जिरोना गिफ्रेच्या हाती दिले. मधल्या उजाड झालेल्या ओसोनाच्या प्रदेशात त्याने वस्ती बसवली, रिपोल आणि सांत जोआन दे लेस आबादेसेस हे मठ स्थापले, आणि लेइदाचा मुसलमान अधिपती लुब्ब इब्न मुहम्मद याच्याशी झालेल्या लढाईत जखमी होऊन ११ ऑगस्ट ८९७ रोजी तो मरण पावला. त्याला रिपोलला पुरले.

वंशावळीच्या दृष्टीने यातली कळीची गोष्ट अशी की गिफ्रेला काउंटपद वारशाने मिळाले नव्हते, नेमणुकीने मिळाले होते. मराठी वाचकाला हा फरक एका वाक्यात सांगता येतो: काउंटी तेव्हा सरंजाम होती, वतन नव्हती. राजा देई, राजा काढून घेई. सुनिफ्रेदच्या मृत्यूनंतर, म्हणजे ८४८ नंतर, बार्सिलोनाला गिफ्रेपर्यंत जे काउंट आले ते त्याच्या घरातले नव्हते. गिल्यम, ओदाल्रिक, हुम्फ्रिद, बर्नार्ड ही नावे बाहेरची आहेत. म्हणून ‘अमुक साली बार्सिलोनाचा काउंट अमुक होता, त्यानंतर तमुक आला, तेव्हा तमुक हा अमुकचा मुलगा’ ही रीत नवव्या शतकात चालत नाही. गिफ्रे वारल्यावर मात्र त्याच्या मुलांनी काउंटी आपसांत वाटून घेतल्या, आणि राजाला विचारण्याची कोणाला विशेष गरज वाटली नाही. सरंजामाचे वतन झाले ते इथे. दहाव्या शतकात पदांचा क्रम पाहून नाते ओळखणे बरेचसे शक्य होते, नवव्यात नाही. वंशवृक्षांतल्या निम्म्या चुका हा फरक न पाळल्यामुळे होतात.

आता आर्रियाचा गिफ्रे कुठून आला ते पाहू. तो येतो ‘जेस्ता कोमितुम बार्सिनोनेन्सिउम’, म्हणजे बार्सिलोनाच्या काउंटांची कृत्ये, या लॅटिन ग्रंथातून. रिपोलच्या मठात ११६२ नंतरच्या दोन दशकांत त्याची पहिली रचना झाली. त्यातली कथा अशी आहे की पिरिनीजमधल्या कोन्फ्लेन खोऱ्यात तेत नदीकाठी, कुइशाच्या मठाजवळ, आर्रिया नावाच्या गावी गिफ्रे नावाचा एक शूर सरदार होता. फ्रँक राजाने त्याला बार्सिलोना दिले. पुढे राजाच्या माणसांशी झालेल्या प्रसंगात एका शिपायाने त्याची दाढी ओढली. गिफ्रेने त्याला ठार केले आणि त्यातच तो स्वतः मारला गेला. त्याचा लहान मुलगा फ्लँडर्सच्या काउंटाकडे वाढला, तिथल्या मुलीच्या प्रेमात पडला, वेष पालटून आईकडे परत आला, आणि ज्या जागी पुरुषाला सहसा केस नसतात तिथे केस असल्यामुळे आईने त्याला ओळखले. मग त्याने सालोमोन नावाच्या काउंटाला तलवारीने मारून बापाचे राज्य मिळवले. मुसलमानांनी देशावर चाल केली तेव्हा त्याने राजाकडे मदत मागितली. राजाला सवड नव्हती. त्याने सांगितले की स्वतःच्या बळावर शत्रूला हाकललेस तर काउंटी तुझी आणि तुझ्या वंशाची. गिफ्रेने ते करून दाखवले.

कथा सुरेख आहे. पण तिचे वय पाहा. गिफ्रे मेला ८९७ मध्ये आणि कथा लिहिली गेली ती जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी. बखर आणि अस्सल कागद यांचा फरक आपल्याला नवा नाही. बखर खोटे बोलते असे नव्हे. ती ज्या काळात लिहिली गेली त्या काळाविषयी खरे बोलते. ११६२ मध्ये बार्सिलोनाचा काउंट चौथा रामोन बेरेंगेर वारला आणि आरागोनच्या पेत्रोनिल्लापासून झालेला त्याचा मुलगा आल्फोन्स काउंट आणि राजा असा दुहेरी मानकरी झाला. दस्तऐवजांवर मात्र अजूनही फ्रान्सच्या राजाची राजवर्षे, म्हणजे राजाच्या कारकिर्दीचे कितवे वर्ष ते, घातली जात होती. ती प्रथा ११८० मध्ये ताररागोनाच्या धर्मसभेने बंद केली. अशा वेळी रिपोलच्या भिक्षूंना दाखवायचे होते की हे राज्य कोणाच्या कृपेचे नाही, तलवारीने मिळवलेले आणि वारशाने चालत आलेले आहे. त्यासाठी आधी बाप काउंट हवा, म्हणजे मुलाचा हक्क वारशाचा ठरतो. आणि बापाला फ्रँकांनी अन्यायाने मारलेले हवे, म्हणजे राजाचे उपकार उरत नाहीत. आर्रियाचा गिफ्रे ही या युक्तिवादाची गरज आहे. वतनाच्या कज्ज्यात दाखल झालेली वंशावळ ज्यांनी वाचली आहे त्यांना ही रचना ओळखीची वाटेल.

ही कथा तथ्याच्या कसोटीवर अनेक ठिकाणी अडते. नवव्या शतकातल्या बार्सिलोनाच्या काउंटांत आर्रियाच्या गिफ्रेला बसवायला जागाच नाही. सालोमोन खराखुरा होता, पण तो उर्जेल आणि सेरदान्याचा काउंट होता, बार्सिलोनाचा नव्हे. आणि बार्सिलोना गिफ्रेला मिळाले ते खुनामुळे नाही, त्रुआच्या सभेमुळे. तरीही कथेतला एक तपशील मी फेकून देत नाही. आर्रिया म्हणजे आजचे रिया हे गाव प्रादा आणि कुइशा यांच्या अगदी शेजारी आहे, आणि कोन्फ्लेनच्या या टापूत गिफ्रेच्या घराण्याचे खरोखर हितसंबंध होते. त्याचा भाऊ मिरो कोन्फ्लेनचा काउंट होता. घराणे मूळचे या खोऱ्यातले, एवढी आठवण मठांनी जपली असावी. नाव हरवले होते, म्हणून मुलाचेच नाव बापाला दिले गेले. असे फार वेळा होते.

एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाला पहिली शिस्त लागली ती प्रोस्पेर दे बोफारुल यांच्यामुळे. बार्सिलोनातल्या आरागोनच्या राजसत्तेच्या पुराभिलेखागाराचे ते प्रमुख होते आणि १८३६ मध्ये त्यांनी काउंटांची कालानुक्रमणी दानपत्रांवरून नव्याने बांधली. योगायोग दुःखद असा की आदल्याच वर्षी, ऑगस्ट १८३५ मध्ये, रिपोलचा मठ जाळला गेला आणि त्याचे दप्तर नष्ट झाले. आज रिपोलच्या जुन्या कागदांपैकी जे वाचायला मिळते, त्यातले बरेच त्याआधी कोणीतरी नकलून घेतले म्हणून मिळते. बालूझने १६८८ मध्ये पॅरिसला छापलेल्या ‘मार्का हिस्पानिका’ या ग्रंथाला त्यामुळे आज मूळ दस्तऐवजाइतके मोल आले आहे. बापाचा प्रश्न मात्र निकालात निघाला तो विसाव्या शतकात, रामोन द’आबादाल यांच्या कामाने. त्यांनी कॅरोलिंजियन, म्हणजे शार्लमेनच्या घराण्याच्या, काळातली कॅटलान दानपत्रे एकत्र छापण्याची मोठी योजना आखली आणि त्या आधारावर सुनिफ्रेद हाच गिफ्रेचा पिता असल्याचे मांडले.

त्यांचा तर्क समजून घेण्याजोगा आहे, कारण आपणही पुढे हीच पद्धत वापराल. ‘मी गिफ्रे, सुनिफ्रेदचा मुलगा, उर्जेलचा काउंट’ असा सरळ दाखला हाती येण्याची वाट पाहत बसू नये. जमिनीचा माग काढावा. सुनिफ्रेदला ८३४ मध्ये उर्जेल आणि सेरदान्या मिळाले, ८४४ मध्ये बार्सिलोनाही मिळाले. राजा चार्ल्सने त्याला खासगी मालकीच्या जमिनीही दिल्या होत्या. त्याच्या मृत्यूनंतर त्याची विधवा एर्मेसिंदा आणि मुले यांचे व्यवहार कार्कासोनजवळच्या लाग्रास मठाशी जोडलेले दिसतात आणि सुनिफ्रेदच्या मिळकतीचा काही भाग मठाकडे जातो. या भावंडांमध्ये गिफ्रे, मिरो, राडुल्फ ही नावे आहेत. दुसऱ्या बाजूला काउंट गिफ्रेचे भाऊ म्हणून काउंट मिरो आणि बेसालूचा काउंट राडुल्फ हे स्वतंत्र कागदांत दिसतात. नाव एकटे असते तर योगायोग म्हटला असता. तीन भावांची नावे, तीच खोरी, तोच मठ आणि तोच काळ इतके सगळे जुळल्यावर योगायोग म्हणणे हेच धाडसाचे ठरते.

जमिनीचा माग इतका उपयोगी का पडतो, याचे कारण कायद्यात आहे. या प्रदेशात व्हिसिगॉथ, म्हणजे स्पेनच्या जुन्या गॉथ राजांचा, कायदा चालत होता. त्यात मुलींनाही मुलांबरोबर वारसा मिळे, आणि नवरा पत्नीला आपल्या मिळकतीचा दशांश लावून देई. म्हणून दानपत्र किंवा विक्रीपत्र करताना जमीन आपल्याकडे कशी आली हे सांगण्याची रीत होती: आईवडिलांकडून आली, खरेदीने आली, पडीक जमीन स्वतः मोडून मिळवली, किंवा नवऱ्याकडून दशांशात आली. मी कोणतेही दानपत्र वाचायला घेतले की दात्याच्या नावाच्याही आधी हे वाक्य शोधतो. ‘दशांशाने आली’ असे म्हणणारी विधवा आपल्या नवऱ्याची मालमत्ता सांगत असते, ‘आईवडिलांकडून’ म्हणणारी माहेरची. शेजारच्या शेताच्या चतुःसीमेत कोणाचे नाव आहे तेही पाहावे, कारण वाटणी झालेल्या भावंडांची शेते बहुधा एकमेकांना लागून असतात. एकट्या कागदातून फारसे निघत नाही. एकाच गावातले पंधरावीस कागद शेजारी ठेवले की कुटुंब दिसू लागते.

कधी कधी नशीब उघडते आणि सरळ साक्षच मिळते. ९१३ मध्ये सांत जोआनच्या खोऱ्याच्या मालकीबद्दल सुनावणी झाली. त्या मठाची प्रमुख एम्मा ही गिफ्रेची मुलगी. खोऱ्यातल्या सुमारे ५०० रहिवाशांनी, बायापुरुषांनी, शपथेवर सांगितले की एम्माचे वडील काउंट गिफ्रे यांनी हा प्रदेश ताब्यात घेऊन तिथे वस्ती बसवली. आपल्या महजरासारखाच हा कागद. त्यात बाप-लेकीचे नाते अनायासे नोंदले गेले, आणि अनायासे नोंदलेल्या नात्यावर माझा अधिक विश्वास असतो. कारण तिथे वंश सिद्ध करणे हा कोणाचाही हेतू नव्हता, वाद जमिनीचा होता. उलट मठांच्या स्थापनेची म्हणून दाखवली जाणारी दानपत्रे सावधपणे वाचावीत. त्यांच्या नंतरच्या नकलांत हक्क वाढवण्यासाठी मजकूर घुसडला जाणे नेहमीचे होते. मूळ चर्मपत्र असेल तर अक्षराचे वळण पाहावे. नक्कलच असेल तर साक्षीदार त्या सालात हयात होते का ते तपासावे.

सालांविषयी एक उदाहरण देतो, कारण मी स्वतः सुरुवातीला इथे फसलो होतो. गिफ्रेचा थोरला मुलगा गिफ्रे बोरेल याची समाधिशिला बार्सिलोनाच्या सांत पाउ देल काम्प येथे १५९६ मध्ये सापडली. तिच्यावर लिहिले आहे की इथे काउंट गिफ्रे, दिवंगत काउंट गिफ्रेचा मुलगा, याचा देह आहे. बापलेकाचे नाते दगडावर कोरलेले, यापेक्षा आणखी काय हवे? मग मृत्यूची तारीख येते: मे महिन्याच्या कालेंदाआधी (कालेंदा म्हणजे रोमन पंचांगात महिन्याची पहिली तारीख) सहावा दिवस, म्हणजे २६ एप्रिल. साल तीन पद्धतींनी दिले आहे. स्पॅनिश एरा, ही स्पेनमधली जुनी कालगणना, ९५२, त्यातून ३८ वजा करायचे, म्हणजे ९१४. ख्रिस्ताब्दही ९१४. आणि ‘ओडोनंतर राज्य करणाऱ्या चार्ल्सचे चौदावे वर्ष’. हा चार्ल्स म्हणजे टकल्या चार्ल्सचा नातू, आणि ओडो त्याच्या आधीचा फ्रँक राजा. ओडो ८९८ च्या आरंभी मेला, म्हणजे चौदावे वर्ष ९११ मध्ये पडते. मी दोन विरुद्ध एक असा हिशोब करून ९१४ लिहून मोकळा झालो होतो. चूक अशी की पुराव्यांची मोजणी करायची नसते, त्यांचा स्वभाव पाहायचा असतो. त्या काळच्या कॅटलान लेखनिकाची रोजची सवय राजवर्षाची होती. एरा आणि ख्रिस्ताब्द हे एकमेकांवरून काढलेले आकडे असल्यामुळे ते दोन साक्षीदार नव्हेतच, एकच आहे. इतर दानपत्रांशी ताडून पाहून अभ्यासकांनी ९११ स्वीकारले आहे. राजवर्षांचे उगम सर्वत्र सारखे नव्हते हेही ध्यानात ठेवावे: याच चार्ल्सची वर्षे कोणी ८९३ च्या राज्याभिषेकापासून मोजी, कोणी ओडोच्या मृत्यूपासून. म्हणून नवव्या-दहाव्या शतकातले साल लिहिताना मूळ राजवर्ष कंसात ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

नावांचाही गुंता आहे. विफ्रेदुस, गिफ्रेदुस, गिफ्रे, जोफ्रे, विल्फ्रेड ही एकाच नावाची रूपे आहेत. वंशवृक्षात ती दोन किंवा तीन माणसे झालेली मी पाहिली आहेत. उलट बाप आणि मुलगा, दोन्ही गिफ्रे आणि दोन्ही काउंट, यांना एक करून टाकण्याचा मोहही जुनाच आहे.

आता आजोबांकडे वळतो. इथे माझे उत्तर मुद्दाम सैल आहे. सुनिफ्रेदच्या वडिलांचे नाव थेट सांगणारा समकालीन कागद उपलब्ध नाही. आबादाल यांच्या मांडणीत तो कार्कासोनचा काउंट बेल्लो याचा मुलगा आहे. बेल्लो हा आठव्या शतकाच्या अखेरीचा आणि नवव्याच्या आरंभीचा. पिएर पोंसिक यांनी दुसरा पर्याय मांडला: सुनिफ्रेद हा बोरेलचा मुलगा. हा बोरेल उर्जेल, सेरदान्या आणि ओसोना इथला काउंट होता आणि ८२० च्या सुमारास दृष्टीआड होतो. बेल्लोशी नाते मग त्याच्या पत्नीकडून आले असावे. दोन्ही बाजूंचा मुख्य आधार नावांचा आहे. मध्ययुगीन सरदार घराण्यांत नावे वारशासारखी फिरत. कार्कासोनच्या घराण्यातले ओलिबा हे नाव गिफ्रेच्या नातवाला मिळाले, तो ओलिबा काब्रेता, आणि त्याच्या मुलाला मिळाले, तो रिपोल आणि कुइशा या दोन्ही मठांचा प्रमुख आणि विकचा बिशप असलेला सुप्रसिद्ध ओलिबा. यावरून कार्कासोनशी रक्ताचा संबंध दिसतो. लाग्रासशी असलेली जवळीकही तिकडेच बोट दाखवते. पण बोरेल हे नाव? तेही गिफ्रेच्या मुलाच्या जोडनावात आहे, आणि पुढच्या पिढीत दुसरा बोरेल नावाचा काउंट आहे. शिवाय सुनिफ्रेदला ज्या काउंटी मिळाल्या त्यांतल्या उर्जेल आणि सेरदान्या पूर्वी बोरेलकडेच होत्या.

मला पोंसिक यांची मांडणी किंचित अधिक पटते, कारण ती दोन्ही नावांचा उलगडा करते. पण ‘अधिक पटते’ म्हणजे ‘सिद्ध झाले’ नव्हे. नाव आईकडूनही येते, मामाकडूनही येते, धर्मपित्याकडूनही येते. नावांवरून दोन घराण्यांत नाते होते एवढे म्हणता येते. ते नाते पुरुषाकडून की स्त्रीकडून, हे नाव सांगत नाही. म्हणून सुनिफ्रेदच्या वर दोन्ही नावे तुटक रेषेने द्यावीत आणि बेल्लोच्या वर काहीच देऊ नये. जे वंशवृक्ष बेल्लोपासून गॉथ राजांपर्यंत चढतात ते पाहून मला आनंद होतो, पण तो आनंद चित्रकलेचा आहे.

पत्नीबद्दल. गिनिदिल्दा हे नाव गिफ्रेच्या बरोबरीने दानपत्रांत येते, त्यामुळे त्यात शंका नाही. फ्लँडर्सचे माहेर मात्र फक्त त्याच बाराव्या शतकातल्या कथेत आहे. काळाचा हिशोबही ओढाताणीचा होतो: फ्लँडर्सचा पहिला काउंट बाल्डविन याने राजा चार्ल्सची मुलगी जुडिथ हिच्याशी लग्न केले ते ८६० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत, आणि गिफ्रेची मुलगी एम्मा ८८५ च्या सुमारास मठाला अर्पण झाली. अशक्य नाही, पण जिथे एकमेव साधन संशयास्पद आहे तिथे ‘अशक्य नाही’ हा पुरावा होत नाही. शिवाय या कथेने बार्सिलोनाच्या काउंटांना जुडिथच्या द्वारे तिचा पूर्वज सम्राट शार्लमेन याचे रक्त मिळते. म्हणजे ही सोयरीक कोणाच्या फायद्याची होती हे उघड आहे.

याच ओघात चार लाल पट्ट्यांची गोष्ट येते. फ्रँक राजाने जखमी गिफ्रेच्या रक्तात बोटे बुडवून त्याच्या सोनेरी ढालीवर ओढली आणि कॅटलान चिन्ह जन्मले, अशी ती कथा आहे. ती सोळाव्या शतकात, बेउतेरच्या १५५१ च्या इतिहासग्रंथात येते. ढालीवर वंशपरंपरागत चिन्हे वागवण्याची रीतच बाराव्या शतकातली आहे. वंशवृक्षात नवव्या शतकातल्या नावाशेजारी ते चिन्ह रंगवलेले दिसले की बाकीच्या नोंदीही त्याच काळजीने केल्या असतील असे समजावे. इतर कॅटलान सरदारांच्या बाबतीतही हीच दक्षता हवी. मोंकादा, पिनोस, सेर्वेरा, सेर्वेल्यो वगैरे नऊ घराणी ओत्जेर कातालो या वीराच्या नऊ साथीदारांपासून उगम सांगतात, आणि ती कथा पंधराव्या शतकात तोमिकच्या इतिहासात रूढ झाली. ती घराणी खरी आहेत, साथीदार कल्पित आहेत.

राहिला खाली उतरण्याचा प्रश्न, आणि तिथे वाट सोपी आहे. फक्त पहिल्याच पायरीवर सावध राहावे. थोरला गिफ्रे बोरेल मुलगा मागे न ठेवता वारला, म्हणून घराणे त्याच्यापासून चालत नाही. ते धाकटा भाऊ सुन्येर याच्यापासून चालते. सुन्येरचा मुलगा दुसरा बोरेल. ‘बोरेल’ या नावाला भुलून त्याला गिफ्रे बोरेलचा मुलगा करणारे वंशवृक्ष आजही फिरत आहेत. बोरेलचा मुलगा रामोन बोरेल, त्याचा बेरेंगेर रामोन, मग चार रामोन बेरेंगेर, मग आल्फोन्स, मुरेच्या लढाईत १२१३ मध्ये पडलेला पेरे, मायोर्का आणि वालेन्सिया जिंकणारा जाउमे, आणि असे करत मार्ती राजापर्यंत. मार्तीचा वयात आलेला एकमेव मुलगा त्याच्या आधीच वारला होता. मार्ती १४१० मध्ये गेला आणि बार्सिलोनाच्या गादीवरचा हा पुरुषवंश तिथे संपला. या साखळीतला प्रत्येक दुवा समकालीन कागदांनी भक्कम आहे. सुन्येरने ९४७ मध्ये काउंटपद सोडले आणि संन्यास घेऊन तो मठात गेला, ९५० मध्ये तिथेच वारला. तो मठ लाग्रासचा होता, जिथे त्याच्या आजोबांच्या जमिनी एक शतकाआधी गेल्या होत्या. आपल्या वंशवृक्षात सुन्येरच्या नोंदीत हे जरूर लिहा. सुनिफ्रेदच्या दुव्याला तो आणखी एक आधार आहे.